‘असल्यांची’ वकीलपत्रे



२०२५ च्या जुलै महिन्यात दहा दिवसांच्या अंतराने मुंबईत दोन निकाल लागले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना सोडले. पहिल्या खटल्यातले आरोपी मुसलमान, दुसऱ्यातले हिंदू.

त्यानंतरच्या शनिवारी आमच्याकडे आठ-दहा कुटुंबांचे पॉटलक होते. जेवणे होईपर्यंत खोलीची दोन गटांत विभागणी झाली होती. एका गटाच्या मते पहिला निकाल म्हणजे एकोणीस वर्षे सडवल्या गेलेल्या निरपराध्यांना मिळालेला न्याय आणि दुसरा म्हणजे सरकारने पाडलेला खटला. दुसऱ्या गटाचे मत याच्या बरोबर उलट. दोन्हींपैकी एकही निकालपत्र कोणी वाचलेले नव्हते. मी पहिल्या गटात होते, हे कबूल करते.

आमच्या एका मित्राचे वडील मुलाकडे आले होते. विरार लोकलने तीस वर्षे नोकरीला गेलेला माणूस. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तुमचं हे सगळं ठीक आहे. पण मग त्या दिवशी डब्यातली माणसं मारली कोणी? आणि असल्यांची वकीलपत्रं घेणाऱ्यांना रात्री झोप कशी लागते?"

कोणी उत्तर दिले नाही. कोणीतरी आइस्क्रीम काढले आणि विषय बदलला. पण काकांचे ते दोन प्रश्न माझ्या डोक्यातून जाईनात. मला वाटते की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. दुसऱ्याचे उत्तर नीट दिले तर पहिल्याचे उत्तर न मिळण्याचे कारणही सापडते. म्हणून हे संपादकीय. सुरुवात आपण जिथे राहतो त्या देशापासून करू, कारण इथे हा प्रश्न देशाच्या जन्माच्या आधीपासून आहे.

५ मार्च १७७० रोजी बॉस्टनमध्ये ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पाच माणसे मेली. गाव पेटले होते. त्या शिपायांचे वकीलपत्र घ्यायला कोणी धजेना, तेव्हा पस्तिशीतही न पोचलेल्या जॉन ॲडम्सने ते घेतले. तो स्वतः ब्रिटिश सत्तेच्या विरोधातला. कॅप्टन सुटला, आठ शिपायांपैकी सहा सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. पुढे ॲडम्स या देशाचा दुसरा अध्यक्ष झाला आणि ही कथा शाळेच्या पुस्तकात गेली. आपल्या मुलांनी ती इथल्या शाळेत वाचलेली असते. पण पुस्तकातल्या ॲडम्सचे कौतुक करणे आणि आपल्या काळातल्या ॲडम्सला सहन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या काळातली गोष्ट चार्ल्स स्विफ्टची. हा अमेरिकन नौदलातला लेफ्टनंट कमांडर, नौदलाच्याच अकादमीत शिकलेला आणि नंतर लष्करी वकील झालेला. २००३ मध्ये ग्वांटानामोतल्या एका कैद्याचा बचाव करायला त्याला नेमण्यात आले. कैदी होता सलीम हमदान, येमेनचा. ओसामा बिन लादेनची गाडी चालवायचा, पगार महिन्याला सुमारे २०० डॉलर. नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानात पकडला गेलेला.

या नेमणुकीत एक मेख होती. फिर्यादी पक्षाने स्पष्ट केले होते की वकिलाला कैद्याची भेट मिळेल ती गुन्ह्याच्या कबुलीची बोलणी करण्यासाठी. म्हणजे बचाव करायचा नाही, फक्त कबुलीपत्रावर सही आणायची. स्विफ्टने हे पुढे सिनेटच्या समितीपुढे सांगितले. त्याने हमदानला दुसरा पर्यायही सांगितला: अमेरिकेच्या अध्यक्षावर आणि संरक्षणमंत्र्यावर खटला भरण्याचा. गणवेशातल्या अधिकाऱ्याने आपल्याच सरसेनापतीला कोर्टात खेचायचे! एप्रिल २००४ मध्ये त्याने तो खटला भरला. जोडीला जॉर्जटाउन विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक नील कत्याल होते, भारतातून आलेल्या डॉक्टर-इंजिनियर जोडप्याचा मुलगा, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या मुलांसारखाच. सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद करण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

२९ जून २००६ रोजी पाच विरुद्ध तीन अशा मतांनी सर्वोच्च न्यायालयाने हमदानच्या बाजूने निकाल दिला. अध्यक्षांनी उभी केलेली लष्करी न्यायमंडळे देशाच्या लष्करी कायद्यातही बसत नाहीत आणि जिनिव्हा करारातही बसत नाहीत, असे न्यायालय म्हणाले. हमदान निर्दोष आहे, असे न्यायालय म्हणाले नाही. त्याचा न्याय करायचा तर नियमाने करा, एवढेच म्हणाले.

निकालानंतर दोनेक आठवड्यांत स्विफ्टला कळले की त्याला बढती मिळालेली नाही. अमेरिकन सैन्यात ठरावीक काळात वर चढला नाहीत तर बाहेर पडावे लागते. वीस वर्षांची नोकरी संपवून २००७ मध्ये तो नौदलातून निवृत्त झाला. बढती नाकारण्याचे कारण हा खटलाच होता, हे कागदोपत्री कोणी लिहिलेले नाही, तसे कोणी कधी लिहीतही नाही.

हमदानचे पुढे काय झाले, हे मुद्दाम सांगायला हवे. काँग्रेसने नवा कायदा करून न्यायमंडळे पुन्हा उभी केली. २००८ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या ज्युरीपुढे खटला चालला. त्याआधी ग्वांटानामोचे माजी मुख्य सरकारी वकील कर्नल मॉरिस डेव्हिस, ज्यांनी वरून येणाऱ्या दबावाला कंटाळून पद सोडले होते, ते बचाव पक्षाच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले. ज्युरीने हमदानला कटाच्या आरोपातून मुक्त केले, दहशतवादाला साहाय्य केल्याबद्दल दोषी धरले आणि ६६ महिन्यांची शिक्षा दिली. फिर्यादी पक्षाने किमान ३० वर्षे मागितली होती. आधीच भोगलेला काळ वजा जाता काही महिनेच उरले. २००९ च्या सुरुवातीला तो येमेनमध्ये सुटला आणि २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती शिक्षाही रद्द केली. ज्याला ‘अट्टल दहशतवादी’ म्हणून जगापुढे उभे केले होते त्याला अमेरिकन लष्करातल्याच अधिकाऱ्यांनी पुरावा पाहून एक ड्रायव्हर ठरवले. तो पुरावा त्यांच्यापुढे तपासला गेला, कारण स्विफ्टने कबुलीपत्रावर सही आणली नाही.

या वकिलांना समाजाने काय दिले? जानेवारी २००७ मध्ये संरक्षण खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने रेडिओवर, ग्वांटानामोतल्या कैद्यांचे खटले फुकट लढवणाऱ्या बड्या लॉ फर्मची नावे वाचून दाखवली आणि कंपन्यांनी अशा फर्मना काम द्यायचे का याचा विचार करावा, असे सुचवले. ओरड झाली, त्याला राजीनामा द्यावा लागला. २०१० मध्ये एक जाहिरात आली. हे खटले लढवून नंतर न्याय खात्यात गेलेल्या वकिलांना त्यात ‘अल कायदाचे सात’ म्हटले होते. त्या वेळी अनेक रिपब्लिकन वकिलांनीच, त्यात बुश सरकारचे माजी अधिकारीही होते, या जाहिरातीचा जाहीर निषेध केला आणि ॲडम्सची आठवण करून दिली. हा या देशाचा चांगुलपणा मान्य करायला हवा. पण तो गृहीत धरू नये. २०२५ मध्ये अध्यक्षांनी वेगवेगळ्या कारणांनी नावडत्या ठरलेल्या लॉ फर्मविरुद्ध आदेश काढले, तेव्हा चार फर्म कोर्टात लढल्या आणि जिल्हा न्यायालयांत जिंकल्या, पण कित्येक बड्या फर्मनी मुकाट्याने तडजोडी केल्या. लढणाऱ्या चारांपैकी तीन फर्म ग्वांटानामोच्या खटल्यांत कैद्यांच्या बाजूने उभ्या होत्या, हा योगायोग मला बोलका वाटतो.

आता अवघड उदाहरण. ते टाळले तर हे संपादकीय म्हणजे आरती होईल.

लिन स्ट्युअर्ट ही ब्रुकलिनमध्ये जन्मलेली बाई. हार्लेमच्या सरकारी शाळेत ग्रंथपाल आणि शिक्षिका होती, तिथली गरिबी पाहून कायदा शिकली आणि न्यूयॉर्कमध्ये गरीब, काळ्या, डाव्या आरोपींची वकील म्हणून नाव कमावले. माजी ॲटर्नी जनरल रॅम्झी क्लार्क यांच्या आग्रहावरून तिने शेख ओमर अब्देल रहमान या आंधळ्या इजिप्शियन धर्मगुरूचे वकीलपत्र घेतले. न्यूयॉर्कमधल्या इमारती आणि बोगदे उडवण्याच्या कटात १९९५ मध्ये तो दोषी ठरला, त्याला जन्मठेप झाली. त्याने बाहेर कोणाशी संपर्क ठेवू नये म्हणून सरकारने खास निर्बंध घातले होते आणि ते पाळण्याच्या हमीवर वकिलांच्या सह्या घेतल्या होत्या. स्ट्युअर्टने सही केली होती. तरीही जून २००० मध्ये तिने शेखचे एक निवेदन रॉयटर्सच्या बातमीदाराला फोनवरून दिले. इजिप्तमधल्या त्याच्या संघटनेने सरकारशी केलेल्या शस्त्रसंधीला आपला पाठिंबा उरलेला नाही, असे त्यात होते.

त्या वेळी सरकारने तिला काही काळ भेटीस मनाई केली आणि नवी हमी लिहून घेतली. पण ९/११ नंतर, एप्रिल २००२ मध्ये, तिला अटक झाली आणि ॲटर्नी जनरलनी स्वतः पत्रकार परिषदेत ते जाहीर केले. पुरावा होता तुरुंगात वकील आणि अशील यांच्या भेटींच्या गुप्त चित्रफितींचा. २००५ मध्ये ती दोषी ठरली. न्यायाधीशांनी २८ महिन्यांची शिक्षा दिली, अपील न्यायालयाने ती पुन्हा विचारासाठी पाठवली आणि २०१० मध्ये ती १० वर्षे झाली. कर्करोग बळावल्यामुळे २०१३ च्या शेवटच्या दिवशी तिला सोडले. मार्च २०१७ मध्ये ती गेली. शेख त्याच्या सतराच दिवस आधी तुरुंगात वारला होता.

आपल्या गोटातल्या काहींनी तिला संत करून टाकले. मला ते पटत नाही. वकिलाने अशिलाचा बचाव करावा, त्याचा निरोप्या होऊ नये. स्ट्युअर्टने लिहून दिलेला शब्द मोडला, आणि तोही अशा माणसासाठी की ज्याच्या शब्दावर माणसे मारायला तयार होती. त्या निवेदनामुळे कोणाचा जीव गेल्याचा पुरावा खटल्यात आला नाही, हे खरे. पण तो तिच्या दक्षतेचा भाग नव्हता, नशिबाचा होता.

मग गैर काय झाले? दोन गोष्टी. एक, सरकारने वकील आणि अशील यांचे बोलणे ऐकण्याची मुभा ऑक्टोबर २००१ मध्ये नियम करून आणखी रुंद करून घेतली. डॉक्टरशी बोलताना पोलीस शेजारी बसला असेल तर रोगी खरे सांगेल का? दुसरी गोष्ट मोहम्मद युसरीची. तो त्या भेटींमधला दुभाषी. न्यूयॉर्क विद्यापीठात पीएच.डी. करत होता, कॉलेजात शिकवत होता. हा माणूस धर्मांध नाही, हे सरकारी वकिलांनी स्वतःच ज्युरीला सांगितले होते. वकिलांच्या सूचनेप्रमाणे भाषांतर करण्याचे काम तो करत होता. त्यालाही दहशतवादाला साहाय्य केल्याबद्दल वीस महिन्यांची शिक्षा झाली. शिष्यवृत्तीवर शिकायला आलेल्या, ‘आपण भले आणि आपले काम भले’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

स्ट्युअर्टच्या शिक्षेचा धसका इतर वकिलांनी घेतला, तर नुकसान कोणाचे? आपल्याला वाटते, आरोपीचे. मी म्हणते, सर्वांत आधी पीडितांचे. याचा पुरावा एकाच कुटुंबातून मिळतो.

रामझी युसेफने १९९३ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली बॉम्ब लावला. १९९५ मध्ये तो पकडला गेला. न्यूयॉर्कच्या साध्या फेडरल कोर्टात, वकील देऊन, ज्युरीपुढे दोन खटले चालले. जानेवारी १९९८ मध्ये जन्मठेप झाली. विषय संपला. त्याचा मामा खालिद शेख मोहम्मद हा ९/११ चा सूत्रधार मानला जातो. त्याला २००३ मध्ये पकडले. गुप्त तुरुंगात ठेवले, एका महिन्यात १८३ वेळा पाण्यात गुदमरवण्याचा छळ केला आणि मग ग्वांटानामोला नेले. छळातून मिळालेला पुरावा कुठल्या न्यायालयात टिकायचा, यावरच वर्षामागून वर्षे वाद होत राहिला. २०२४ मध्ये गुन्हा कबूल करण्याचा करार झाला, दोनच दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी तो मागे घेतला, आणि जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही तो रद्द ठरवला. भाच्याचा निकाल तीन वर्षांत लागला. मामाचा खटला पकडल्यापासून बावीस वर्षांनीही उभा राहिलेला नव्हता. सुमारे तीन हजार मृतांच्या नातलगांपैकी कित्येक जण निकालाची वाट पाहतच गेले. आडवाट म्हणून जी घेतली ती लांबची वाट ठरली.

माझा व्यवसाय संशोधनाचा. माझ्या पेपरवर सर्वांत खवचट शेरे मारणारा परीक्षक मला त्या रात्री शत्रू वाटतो. कंट्रोल कुठे आहे? नमुना कोणी मोजला? दुसरे स्पष्टीकरण का शक्य नाही? पण त्याच्या हातून सुटलेला निष्कर्षच पुढे टिकतो. ज्या निष्कर्षाला कोणी धक्का मारून पाहिलेला नाही तो खरा आहे की खोटा, हे मलाही सांगता येत नाही. बचावाचा वकील हे काम करतो. त्याला कोर्टातून हाकलले तर शिक्षा लवकर होईल, पण ती बरोबर माणसाला झाली की नाही हे कळणार नाही. आणि चुकीच्या माणसाला झाली, तर बरोबर माणूस मोकळा फिरत असणार.

हे सूत्र घेऊन आता मुंबईला, काकांच्या लोकलकडे जाऊ.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेने ठराव केला की आमच्यातला कोणी कसाबचे वकीलपत्र घेणार नाही. मार्च २००९ च्या अखेरीस न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नेमणूक केली, तर त्याच रात्री त्यांच्या वरळीच्या घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली. पुढे वेगळ्या कारणाने त्यांची नेमणूक रद्द झाली, अब्बास काझमी आले, नंतर के. पी. पवार आले. उच्च न्यायालयात अमीन सोलकर आणि फरहाना शाह, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन. या सगळ्यांनी शिव्या खाल्ल्या. पण त्यांनी काम केले म्हणूनच २०१२ मध्ये शिक्षा अमलात आली तेव्हा जगातल्या कोणालाही, पाकिस्तानलासुद्धा, खटला एकतर्फी झाला असे म्हणायला तोंड उरले नाही. वकील संघटनांचे असले बहिष्काराचे ठराव घटनाबाह्य आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे एका तमिळनाडूच्या प्रकरणात बजावले.

त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, भारतातले. हल्लेखोरांना नकाशे पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप. त्यातल्या फहीम अन्सारीचा वकील होता शाहिद आझमी. गोवंडी-देवनार भागात वाढलेला मुलगा. १९९२-९३ च्या दंगलींच्या काळात शाळकरी वयात होता, नंतर काही काळ सीमेपलीकडच्या अतिरेकी प्रशिक्षण छावणीत जाऊन आला, तिथले पाहून परतला. १९९४ मध्ये टाडाखाली अटक झाली, कित्येक वर्षे तिहारमध्ये गेली. तुरुंगातच शिकला, सुटल्यावर मुंबईत कायद्याची पदवी घेतली, ज्येष्ठ वकिलाकडे किरकोळ पगारावर उमेदवारी केली. सात वर्षांच्या वकिलीत सतरा आरोपींची निर्दोष सुटका त्याच्या नावावर सांगितली जाते. २००२ च्या घाटकोपर बसस्फोटातला आरोपी त्यात होता. २००६ च्या लोकल स्फोटांतल्या आरोपींचे खटलेही तो लढवत होता. तो स्वतः चुकला होता आणि स्वतःच्या चुकीची व्यवस्थेने किती पट किंमत वसूल केली, तेही त्याने पाहिले होते. तरी शस्त्राकडे न वळता तो कलमांकडे वळला. राज्यघटनेवर याहून मोठा विश्वास कोणी दाखवला असेल, असे मला वाटत नाही.

११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्याच्या ऑफिसात अशील म्हणून आलेल्या माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. वय बत्तीस. ३ मे २०१० रोजी न्यायाधीश ताहिलियानी यांनी कसाबला दोषी ठरवले, आणि त्याच निकालपत्रात फहीम अन्सारीला सोडले. मेलेल्या हल्लेखोराच्या खिशात सापडला असे सांगितलेल्या नकाशावर रक्ताचा डाग नव्हता, हे एक महत्त्वाचे कारण. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी कायम केल्या. एकाच कोर्टाने एकाच दिवशी एकाला दोषी आणि दुसऱ्याला निर्दोष म्हणावे, याचाच अर्थ तिथे पुरावा खरोखर तपासला गेला.

दोन कारकिर्दी शेजारी ठेवून पाहा. याच खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम. कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट त्यांनी पत्रकारांना सांगितली, ती देशभर पसरली, आणि ती आपण रचली होती असे त्यांनीच २०१५ मध्ये सांगून टाकले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२५ मध्ये राष्ट्रपती-नियुक्त राज्यसभा सदस्यत्व. बचावाच्या वकिलाला कुर्ल्यात गोळी मिळाली आणि त्याच्या खुनाचा खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. समाज कोणाला काय देतो, यावरून पुढची हुशार मुले कोणत्या बाजूला जातील हे ठरते.

आता काकांचा पहिला प्रश्न: डब्यातली माणसे मारली कोणी? ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे मेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. उच्च न्यायालयापुढे एस. मुरलीधर, नित्या रामकृष्णन, युग चौधरी यांच्यासारख्या वकिलांनी तोच पुरावा पुन्हा उलगडला. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतले मजकूर सारखे निघाले आणि ते छळ करून घेतल्याची शक्यता न्यायालयाला खरी वाटली. काही साक्षीदार शंभराहून अधिक दिवस गप्प राहून मग बोलले होते. ओळख परेड घेणाऱ्याला तो अधिकारच नव्हता. जप्त केलेल्या वस्तू नीट मोहोरबंद नव्हत्या. बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेही सिद्ध झाले नव्हते. निकाल लागण्याआधीच, २०२१ मध्ये, बारांपैकी एक जण कोविडने तुरुंगात मेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी या निकालाचा दाखला इतर खटल्यांत द्यायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि राज्याकडेही नाही. पण ते हरवले कुठे, हे आता दिसते. ते २००६ सालीच हरवले, ज्या दिवशी कबुलीजबाब मिळाले म्हणून खरा शोध थांबला त्या दिवशी. वकिलांनी २०२५ मध्ये ते हरवले नाही. त्यांनी फक्त दाखवून दिले की तिजोरी पहिल्यापासून रिकामी होती.

इथपर्यंत आपले बहुतेक वाचक माझ्याबरोबर असतील. आता परीक्षा आपली आहे. मालेगाव २००८ च्या निकालाचे काय? तो कट हिंदुत्ववाद्यांचा होता, असे माझे मत होते, हेमंत करकरे यांच्या तपासावर माझा विश्वास होता, अजूनही पुष्कळसा आहे. तीसहून अधिक साक्षीदार फिरले, तपास एका यंत्रणेकडून दुसरीकडे गेला आणि आरोपींपैकी एक बाई मध्यंतरी खासदारही झाल्या. फिर्यादी पक्षाने हा खटला मन लावून चालवला का, हा प्रश्न विचारायलाच हवा, अपिलात विचारावा. पण कोर्टापुढे जो पुरावा आला तो पुरेसा नव्हता, मोटारसायकलची मालकीसुद्धा सिद्ध झाली नाही, हे बचावाच्या वकिलांनी दाखवले असेल, तर त्यांना शिव्या देण्याचा मला हक्क नाही. त्यांनी आझमी करत असे तेच काम केले. ‘आपल्या’ आरोपीला संशयाचा फायदा आणि ‘त्यांच्या’ आरोपीला संशयाची शिक्षा, हे तत्त्व पुरोगामी नाही. ते पॉटलकमधल्या दुसऱ्या गटाचेच तत्त्व आहे, आरसा धरलेले. आणि तिथेही पहिला प्रश्न उरतोच: मालेगावची ती सहा माणसे मग मारली कोणी?

शेवटी आपल्या हातातल्या दोन गोष्टी.

आपल्यापैकी अनेकजण आता इथले नागरिक आहेत. ज्युरीचे बोलावणे आले की प्रोजेक्टची डेडलाइन, इंग्रजीची अडचण, भारताची तिकिटे अशी कारणे शोधण्यात आपण पटाईत. आपण गेलो नाही, की आपल्यासारख्या नावाच्या आरोपीचा न्याय करायला आपल्यासारखे कोणी नसते. मला एकदा बोलावणे आले तेव्हा न्यायाधीशांनी आम्हा सर्वांना विचारले, आरोपी इथवर आला आहे म्हणजे त्याने काहीतरी केलेच असेल, असे कोणाला वाटते का? मी मान हलवून नाही म्हटले. पण त्याच्याकडे पाहताना मनात आलेला पहिला विचार नेमका तोच होता. पुढे माझी निवड झाली नाही. तो विचार मात्र मी विसरलेले नाही.

दुसरी गोष्ट. आपली मुले कायदा शिकायला लागली की आपण कॉर्पोरेट फर्मची नावे अभिमानाने सांगतो. एखाद्या मुलीने पब्लिक डिफेंडर व्हायचे म्हटले तर चेहरे उतरतात. मुंबईत भाचा फौजदारी वकिली करतो म्हटले तरी तेच. निदान आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत, जिथे आपण दरवर्षी शास्त्रज्ञ आणि उद्योजक बोलावतो, तिथे एकदा अशा एका वकिलाला बोलवावे. काका त्या वेळी इथे असतील तर त्यांनाही पहिल्या रांगेत बसवू, आणि झोप कशी लागते हा प्रश्न त्यांनीच विचारावा.

कळावे, लोभ आहेच. मतभेद जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू.